संकष्टीची सुकती

आमच्या घरात सकाळ व्हायची ती उघाडीच्या आवाजाने. गावाच्या बांधाला खाडीच्या बाजूने एक जाड लाकडी झडप बसवलेली होती. भरतीचं पाणी चढलं की ती आपोआप मिटायची, ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेर सोडायची. तिला उघाडी म्हणायचे. मिटताना ती धप्प करायची आणि उघडताना बराच वेळ कण्हत राहायची. माझी आत्या चुलीपुढे तांदळाची भाकरी थापता थापता तो आवाज ऐकून, डोकंही न वळवता, खाडीचं पाणी कुठवर आलंय ते सांगायची. आत्याला मी बाय म्हणायचे. मीच काय, सगळं मानखार गाव तिला बाय म्हणायचं. मलाही तो आवाज ऐकू यायचा, पण त्याचा अर्थ लावायच्या भानगडीत मी कधी पडले नाही. माझ्याकडे फोन होता. फोनवाल्या माणसाला पाण्याकडे कशाला बघायला लागतं, अशी माझी तेव्हाची समजूत होती आणि ती मी चारचौघांत बोलूनही दाखवायचे.

घर तीन खोल्यांचं, पुढे पडवी, मागे मीठ ठेवायची पत्र्याची शेड. आदल्या वर्षीच्या वादळात उडालेले दोन पत्रे अजून नवे दिसायचे. बाबा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे आणि आठवड्यातून एखाद दिवस घरी यायचे. बाय त्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती तीन वर्षांच्या नंदीला कडेवर घेऊन माहेरी आली आणि मग इथलीच झाली. मी जन्मले तेव्हा नंदीताई आठ वर्षांची होती. आई मिठागरावर कामाला जायची तेव्हा मला नंदीताई सांभाळायची, आणि नंदीताई शाळेत गेली की बाय मला पाठीशी बांधून मीठ ओढायला जायची. त्यामुळे मला दोन आया आणि एक बहीण आहे, असं मी शाळेत सांगायचे आणि बाईंना ते काही केल्या पटायचं नाही.

बायच्या हातचं सुकटीचं कालवण मी अजूनही करायला जाते आणि अजूनही फसते. ती त्यात कैरीची फोड कधी टाकते, हे मी शंभर वेळा पाहिलंय. तरी माझ्या कालवणाला तो वास येत नाही. माझी मुलगी म्हणते, आई, तू आठवणींची चव शोधतेस. मला तसं काही वाटत नाही. मला वाटतं, माझी सुकट बाजारची असते आणि बायची पडवीत वाळवलेली असायची, एवढाच फरक आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्याची ही गोष्ट. नंदीताई लग्न होऊन पनवेलला गेली होती आणि तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्याकडे ठरलेलंच. पण तिचा डॉक्टर पनवेलचा, रस्ते बंद, एसटी कधी चालू कधी बंद, तेव्हा ती तिथेच राहील असं ठरलं. मग बायने स्वतः तिकडे जायचं ठरवलं. यावर नंदीताईच्या सासूबाईंनी फोन करून अगदी हळू आवाजात सांगितलं, "विहीणबाई, राग मानू नका. पण डोस झाल्याशिवाय तुम्ही येऊ नका. पोरीजवळ मी कुणालाच जाऊ देत नाही. तिच्या मावशीलाही मी दारातूनच परत पाठवलं." त्यांच्या बिल्डिंगीत त्या महिन्यात दोन घरांतली माणसं गेली होती. त्या वेळी मी त्या बाईवर पाय आपटून चिडले होते. आज मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि एवढ्या हळू आवाजात मला ते सांगताही आलं नसतं.

 बायने फोन मला परत दिला आणि विचारलं, "डोस कुठं भेटतो गो?"

इथून माझं राज्य सुरू झालं. बारावीची परीक्षा लांबणीवर पडली होती, मी रिकामटेकडी होते, आणि गावात लशीसाठी नाव नोंदवायचं तर ते फोनवरच. बाबांना त्यांच्या कामाच्या ठिकाणी रांगेत उभं करून लस दिली, विषय संपला. गावातल्या बायकांना मात्र आधी फोन हवा, फोनला रेंज हवी, मग सहा आकडी नंबर यायला हवा, तो मिनिटभरात टाकायला हवा, आणि एवढं सगळं करून पुढे तालुक्याच्या केंद्रावर जागा हवी. रेंज फक्त उघाडीवर यायची. मी रोज दुपारी डोक्यावर ओढणी घेऊन तिथे जाऊन बसायचे. बायका आपापली आधारकार्डं घेऊन यायच्या, मी त्यांचे फोटो काढून ठेवायचे. हिरुकाकी तर नवऱ्याचं कार्डही पदराखाली लपवून घेऊन आली. तिचा नवरा म्हणजे काशीनाना, आमच्या खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा. सुईच्या नावाने तो घाम पुसायचा आणि वर सांगायचा, माझ्या अंगात खारं पाणी आहे, मला काही होत नाही. "त्याला सांगू नको," हिरुकाकी म्हणाली, "पन कार्ड ठेव तुझ्याकडं. येल येती कवातरी."

केंद्रावरच्या जागा उघडायच्या आणि मी 'पुढे' दाबेपर्यंत संपायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं माझंच बोट मंद आहे. चौथ्या दिवशी कळलं की मुंबईत बसलेली माणसंही तेच बटण दाबत होती. त्यांच्याकडे जागा नव्हत्या म्हणून ती आमच्याकडच्या घेत होती, आणि त्यांना रेंज उघाडीवर बसून घ्यावी लागत नव्हती. मग ती यायची. कुणी गाड्या घेऊन, कुणी मांडव्याला लाँचने उतरून पुढे रिक्षाने. आमच्या नाक्यावर गाड्या थांबायच्या आणि काचा खाली करून विचारायच्या, सेंटर कुठे आहे. एकदा बाय टोपलीत जांभळं घेऊन नाक्यावर बसली होती. तिने त्यांना रस्ता सांगितला, वर पानभर जांभळंही दिली. घरी येऊन मला म्हणाली, "पोरं ग्वाड व्हती. पार बोरिवलीवरनं आली व्हती गो, उन्हाची." मी म्हटलं, "बाय, तुझाच डोस घ्यायला आली होती ती!" ती मग म्हणाली, "मंग काय, त्यांना म्हाईत हाय व्हय ते?"

असे अठरा दिवस गेले. पनवेलहून नंदीताईचा रोज फोन यायचा आणि बाय रोज तिला सांगायची की उद्या व्हयल. पुढच्या महिन्यात पाऊस लागला की खाडीवरची तर बंद, एसटीचा भरवसा नाही, आणि नंदीताईचे दिवस भरत आलेले. बायने तिच्यासाठी डिंकाचे लाडू करून डब्यात भरले, मग ते खवट होतील म्हणून आम्हालाच खायला घातले, आणि पुन्हा नवे केले. दुसऱ्या वेळचे लाडू खाताना आईने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी हातातला लाडू परत डब्यात ठेवला.

आणि एका दुपारी मला कासवली सापडलं. फोनवर केंद्रांची यादी वरखाली करताना खाली कुठेतरी होतं. कासवली, उपकेंद्र, अंतर तीन किलोमीटर. जागा पन्नास, त्यातल्या अठ्ठेचाळीस रिकाम्या! कासवली खाडीपलीकडे. रस्त्याने जायचं तर वरच्या पुलावरून वळसा घालून दीड तास, म्हणून मुंबईकरांनाही ते आडबाजूचं. पण तरीने वीस मिनिटं. मी एका बैठकीत सात बायकांची नावं नोंदवली, शनिवार सकाळ, नऊ ते दहा, आणि उघाडीवरून घरापर्यंत धावत आले. घरोघर जाऊन सांगितलं, "शनिवारी, कासवलीला, नऊ वाजता. मी सगळं बघितलंय, तुम्ही फक्त कार्ड घेऊन या." सगळ्या जणींनी माना डोलावल्या. बायने माझ्या गालावरून मिठाचा खरखरीत हात फिरवला आणि म्हणाली, "शिकली माझी बाय."

शनिवारी आठ वाजताच मी धक्क्यावर जाऊन उभी राहिले. धक्का म्हणजे दगडांची उतरती रांग, टोकाला तर बांधायचा खुंट. मी पोचले तर खुंटाला तर होती, पण खाली पाणी नव्हतं. चिखल होता. इकडच्या काठापासून जवळजवळ तिकडच्या काठापर्यंत चकचकीत काळा चिखल आणि मधोमध पाण्याची एक अरुंद धार. तर त्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडली होती. काशीनाना तिच्या सावलीत बसून विडी ओढत होता.

"नाना, चला, बायका येतील आता!"

त्याने माझ्याकडे बघितलं, चिखलाकडे बघितलं. "कुठं जायाचं?"

"कासवलीला. नऊची वेळ आहे."

"आज संकष्टी गो," तो म्हणाला. एवढंच. त्याच्या मते त्यात सगळं आलं होतं.

साडेआठ वाजले तरी एकही बाई धक्क्यावर फिरकली नाही. मी तणतणत गावात परत आले. बघते तर बाय, आई, हिरुकाकी धरून सातही जणी एसटीच्या थांब्यावर ओळीने उभ्या. ठेवणीतली लुगडी, केसांत अबोली, तोंडाला पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधारकार्ड. माझ्याकडे बघून हिरुकाकी म्हणाली, "टेम्पो कुठं अडकला गो?"

कसला टेम्पो, मी म्हटलं. आणि मग ते सगळं हळूहळू बाहेर आलं. मी शनिवार म्हटलं होतं. त्यांनी घरी जाऊन कॅलेंडरवर तिथी बघितली होती. संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी. आमच्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही हिशेब पाठ असतो: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नवाला सुकती, खाडी रिकामी. संकष्टीला नऊ वाजता तर चालत नाही हे त्या सातही जणींना पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. म्हणूनच त्यांची खात्री होती की एवढी शिकलेली पोर नऊची वेळ घेतेय, तर तिने पुलावरून जायला टेम्पो सांगितला असणार. कुणीही विचारलं नाही. बायनेही नाही.

"तू म्हनाली ना, सगळा बघितलाय," बाय म्हणाली. "मना वाटला, फोनात ता पन दिसत असंल."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी तिथेच थांब्याच्या कट्ट्यावर बसले आणि रडायला लागले. अठरा दिवस मिळाली नव्हती ती जागा मिळाली आणि मीच ती घालवली होती. अशा वेळी कुठून येणार होता टेम्पो? दहाला वेळ संपणार. पुढच्या आठवड्यात काशीनाना तर काठावर ओढून झापांनी शाकारणार. बायचे लाडू पुन्हा खवट होणार, आणि नंदीताईला कळा लागतील तेव्हा तिची आई खाडीच्या या काठावर चुलीपुढे बसलेली असणार. हे सगळं मी रडता रडता मोठ्याने बोलले, असं आई पुढे कित्येक वर्षं नक्कल करून दाखवायची.

बायने ते सगळं ऐकून घेतलं. मग लुगड्याचा ओचा वर खोचला आणि म्हणाली, "सुकती हाय, तर चालत जाऊ."

ज्या चिखलात मी जन्मात पाय घातला नव्हता, त्यात या बायका पोरवयापासून कालवं फोडायला आणि निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, धरायला जात होत्या. कुठे पाय टाकला की घोट्याइतकं रुततं आणि कुठे कमरेइतकं, हे त्यांच्या तळव्यांना माहीत होतं. पाच मिनिटांत धक्क्यावर येऊन सगळ्यांनी काष्टे मारले. चपला, कार्डं आणि माझा फोन एका घमेल्यात घालून बायने ते डोक्यावर घेतलं. मधल्या धारेचं काय, असं मी विचारायच्या आत हिरुकाकी नवऱ्यावर ओरडली, "उठा, होडकं ओढा धारंत! विडी मंग वडा." काशीनानाकडे तरीबरोबर दोन माणसांचं एक छोटं होडकं असायचं. ते चिखलावरून घसरवत त्याने धारेपर्यंत नेलं.

त्या चालण्याबद्दल मला फार अभिमानाने लिहिता यायचं नाही. मी तीनदा पडले. माझी एक मोजडी, जी घमेल्यात टाकायला मी नकार दिला होता कारण ती नवी होती, खाडीने गिळली ती कायमचीच. बायने पुढे चालत मला सांगितलं, "माझ्या पावलावर पाव ठेव. थांबू नको, थांबलीस का रुतशील." मी तिच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवत गेले. ते खड्डे भरून यायच्या आत पुढचं पाऊल टाकायचं. आजूबाजूला निवट्या टुणटुण उड्या मारत होत्या, दूर न्हावा शेव्याच्या क्रेन दिसत होत्या, आणि या बायका आज उपास आहे म्हणून डोळ्यांपुढची कालवं सोडून द्यावी लागतात याची हळहळ करत होत्या. होडक्याच्या खेपा करून सगळ्या धार ओलांडून गेल्या. पलीकडचा चिखल आणखी वाईट होता.

कासवलीच्या उपकेंद्रात आम्ही पोचलो तेव्हा दहाला दहा कमी होते. दारातल्या नळाखाली पाय धुतले तरी गुडघ्यांवरचं काळं तसंच राहिलं. आत एक सिस्टर टेबलापाशी बसली होती आणि बाकावर पन्नाशीचं एक जोडपं. माणूस सारखा घड्याळ बघत होता. आमच्याकडे बघून सिस्टर उभीच राहिली.

"सात नावं दिसत होती मला," ती म्हणाली. "वाटलं, मुंबईचीच कुणीतरी असणार आणि येणार नाहीत. तुम्ही कुठून आलात?"

"चिखलातनं," बाय म्हणाली.

मग सिस्टरने अडचण सांगितली. एका कुपीत दहा जणांची लस. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. दहा माणसं जमल्याशिवाय कुपी उघडायची नाही, असं तिला वरून सांगितलं होतं. हे मुंबईचं जोडपं पुलावरून वळसा घालून नऊपासून येऊन बसलं होतं, ते त्याचसाठी. अकराला गाडी येऊन पेटी परत नेणार. "दोन आणि सात, नऊ," ती म्हणाली आणि दाराबाहेर बघू लागली. बाहेर रस्त्यावर एक कोंबडी होती.

मी धरून दहा झाली असती, पण मला अजून अठरा पुरी नव्हती. हिरुकाकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायरीवर बसलेल्या काशीनानाकडे. मला फोन उघडून त्याच्या आधारकार्डाचा फोटो शोधायला पाच सेकंदही लागले नाहीत. नाना उठून उभा राहिला. "माझी होडी," तो म्हणाला, "होडी धारेत एकटी हाय." खरंच त्याचा चेहरा पांढरा पडला होता. हिरुकाकी काही बोलणार तेवढ्यात बाय पुढे झाली. ती त्याला दादा म्हणायची.

"दादा, मना नंदीकडं जायाचा हाय," ती म्हणाली.

त्याने एकदा सुईच्या पेटीकडे बघितलं आणि येऊन बाकावर बसला. पुढे म्हातारपणी तो सांगायचा की त्या दिवशी मीच पहिला डोस घेतला, बायका घाबरत होत्या. हिरुकाकी त्याला ते सांगू द्यायची.

आणखी एक अडचण होती. "काही खाऊन आलात ना?" सिस्टरने विचारलं. सातही जणींनी एकसुरात सांगितलं, संकष्टी. सिस्टरने कपाळाला हात लावला. उपाशीपोटी, त्यात एवढं चालून, चक्कर येऊन पडाल, ती म्हणाली.  बाकावरच्या बाईंनी पिशवी उघडली आणि केळी आणि खजुराचं पाकीट काढलं. "उपासाला चालतं ना हे?" असं विचारत त्या एकेकीपुढे धरत गेल्या. बाकीच्यांनी घेतलं. बायची संकष्टी कडक असायची. चंद्र उगवेपर्यंत पाणीसुद्धा नाही. नंदीताईला दिवस गेल्यापासून तिने एकही मोडली नव्हती. ती केळं हातात धरून उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले. ती माझ्याशी नाही, केळ्याशी बोलल्यासारखी म्हणाली, "मी कुठं चाललेय, ता गनपतीला दिसतंय." आणि तिने ते खाल्लं.

सुई टोचताना तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. नंतर अर्धा तास बाहेरच्या व्हरांड्यात बसायचं होतं. सगळ्या जणी मुंबईच्या बाईंना कैरी घातलेल्या सुकटीची कृती सांगण्यात गुंगल्या. बाय माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली. दंड दुसऱ्या हाताने धरला होता. तिने मला विचारलं, "सायले, आता मना नंदीला शिवता यंल ना?"

अठरा दिवस मी जागा, वेळ, नंबर आणि केंद्र यांच्याबद्दल बोलत होते. तिने त्यातलं काहीच मागितलं नव्हतं. तिला फक्त आपल्या लेकीच्या पोटावर हात ठेवायचा होता. मी होय म्हटलं आणि तिच्या चिखलाच्या मांडीवर डोकं ठेवलं. 

निघताना सिस्टर कागदावर लिहून देत होती. दुसरा डोस चौऱ्याऐंशी दिवसांनी. ती कॅलेंडरची पानं उलटून मोजायला लागली. बायने बोटांची पेरं मोजली आणि सिस्टर दुसऱ्या पानावर असतानाच सांगितलं, "नारली पुनवंच्या आदल्या दिशी. चतुर्दशी. साडेधाला भरती." सिस्टरने मोजून पूर्ण केलं आणि बोट ठेवून बघितलं. चतुर्दशीच होती. तिने आम्हाला साडेदहाचीच वेळ लिहून दिली.

आम्ही लगेच परतलो नाही. पलीकडच्या काठावर चिंचेखाली पाणी चढायची वाट बघत बसलो; मग नाना होडक्यातून जाऊन तर आणणार होता. तिथे मी बायला पाऊणपट शिकव म्हटलं. तिने मातीत रेघा ओढून पंधराही तिथ्या माझ्याकडून म्हणून घेतल्या. चुकले की डोक्यात टपली. मी बारावीचं गणित शिकले होते, तरी अष्टमीला अडखळले.

बाय पंधरा दिवसांनी पनवेलला गेली, तिसऱ्या वेळचे लाडू घेऊन. पाऊस धो धो होता, पण एसटी त्या दिवशी आली. तिला पोचवायला मी गेले होते. सासूबाई स्वतः खाली फाटकापर्यंत आल्या होत्या. बायने सर्टिफिकेटचा कागद घडी उलगडून त्यांच्यापुढे धरला, त्यांनी तो न बघताच तिचा हात धरला आणि दोघी मला विसरून जिना चढून गेल्या. तो कागद आज माझ्या कपाटात आहे. बाय गेली तेव्हा तिच्या ट्रंकेत दोन लुगड्यांच्या मध्ये तो सापडला, तोच एक कागद तिने जपला होता. त्यावरच्या फोन नंबरच्या जागी माझा नंबर आहे.

मुलगी झाली. सव्वा महिना झाल्यावर नंदीताई बाळाला घेऊन बायबरोबर मानखारला आली. चतुर्दशीचा दिवस जवळ आला तसं ठरलं की नंदीताईनेही कासवलीलाच पहिला डोस घ्यायचा, बाळ अंगावर पीत होतं म्हणून तेही बरोबर. काशीनानाने एक दिवस आधीच तरीला तेल लावून तिला पाण्यात ढकललं होतं. आदल्या संध्याकाळी घरोघर जाऊन मी सांगितलं, नऊला धक्क्यावर या. या वेळी कुणी टेम्पोचं नाव काढलं नाही, पण हिरुकाकीने दोनदा विचारलं, "तिथी बघितलीस ना गो?"

सकाळी उघाडी मिटल्याचा आवाज मी अंथरुणातच ऐकला. धप्प. मी मोठ्याने म्हटलं, "पाणी चढतंय. नऊला तर पाण्यात असेल." चुलीपुढे भाकरी थापल्याचा आवाज चालूच राहिला.

धक्क्यावर गेलो तेव्हा पाणी पायऱ्यांच्या वरच्या दगडाला लागलं होतं. चिखल कुठेच नव्हता. सगळी खाडी भरलेली, सपाट, पावसाळी रंगाची. बायका एकेक करून तरीत चढल्या. नंदीताई चढली. शेवटी बाय उरली, बाळ तिच्या हातात. तिला दोन्ही हातांनी काठ धरल्याशिवाय चढता यायचं नाही. तिने तरीतल्या सात जणींवरून एकदा नजर फिरवली, सगळ्यांचे हात पुढे आलेलेच होते. नंदीताईचाही. बायने वळून ती दुपट्यातली पोर माझ्या हातात दिली.

"तू धर," ती म्हणाली. "तुला आता पानी कलतंय."